संगणक प्रणालीची साप्ताहिक सुधारणा आणि लोकचाचणी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या नागरिकांना रविवारच्या मेगाब्लॉकची ओळख करून द्यावयास नको. रूळ, सिग्नल आणि डोक्यावरील विद्युत तारा यांची देखभाल व्हावी म्हणून आठवड्यातील एक दिवस काही तास गैरसोय सोसावी लागते. पण त्यामुळेच उरलेले सहा दिवस मुलुंडहून, घाटकोपरहून, बोरिवलीहून लाखो माणसे वेळेवर कामावर पोहोचू शकतात. संगणकाच्या प्रणालीलाही अशीच नियमित देखभाल लागते. फरक इतकाच की, रेल्वेची दुरुस्ती आणि तिची चाचणी ही दोन्ही कामे रेल्वेचे कर्मचारीच करतात. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीच्या बाबतीत मात्र चाचणीचे काम सामान्य वापरकर्त्यालाही करता येते, किंबहुना त्याने ते करावे अशीच त्या प्रणालीची रचना आहे. ही व्यवस्था कशी चालते, तिच्यावाचून कोणते धोके संभवतात आणि मराठी भाषेच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लिनक्स आणि त्याची वितरणे

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक नवी संगणक प्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स या नावाने जगभर प्रसिद्धीस आली. काटेकोरपणे बोलावयाचे तर लिनक्स हा प्रणालीचा केवळ गाभा आहे. त्याला 'कर्नल' असे म्हणतात. यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधील व्यवहार हा गाभा सांभाळतो. परंतु निव्वळ गाभ्यावर पत्र लिहिता येत नाही की हिशेब ठेवता येत नाही. त्यासाठी अक्षरवळणे, छपाईची साधने, लेखनाचे व हिशेबाचे कार्यक्रम अशा हजारो वस्तू गाभ्याभोवती नीट जुळवून द्याव्या लागतात. अशा जुळवलेल्या संचाला लिनक्सचे 'वितरण' म्हणतात आणि त्यातील प्रत्येक घटकाला 'पॅकेज'.

डेबियन हे वितरण १९९३ मध्ये, फेडोरा २००३ मध्ये आणि उबंटू २००४ मध्ये सुरू झाले. भारतात सी-डॅक या शासकीय संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या आधारे 'बॉस' हे वितरण सिद्ध केले व २००७ मध्ये ते प्रसिद्ध केले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकाशित झालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. या आकड्यावरून कामाच्या व्याप्तीची कल्पना यावी.

हा विषय केवळ तंत्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा आहे असे मात्र नाही. बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनी लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारण्यात आले आणि देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकांवर उबंटू बसविण्यात आली. पक्षकाराने लिनक्सचे नावही ऐकलेले नसेल, पण त्याच्या खटल्याची नोंद अशा प्रणालीवर होत असते.

आठवड्याचे चक्र

लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. त्यांतील पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारण्याचे असतात. त्यानंतर बदलांचे दार बंद होते आणि केवळ दोषनिवारण सुरू होते. या काळात टोरवाल्ड्स दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती प्रसिद्ध करतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रविवार दुपार म्हणजे मुंबईतील सोमवारची पहाट. अशा सात-आठ साप्ताहिक चाचणी-आवृत्त्या जगभरातील लोकांनी चालवून पाहिल्यावर अंतिम आवृत्ती बाहेर पडते.

वितरणांतही अशाच पायऱ्या आहेत. डेबियनमध्ये नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' विभागात येते. तेथे त्याने निकडीनुसार साधारणतः दोन, पाच किंवा दहा दिवस काढावयाचे असतात. या मुदतीत गंभीर दोषाची तक्रार आली नाही, तर ते 'टेस्टिंग' विभागात जाते. आणि सुमारे दोन वर्षांनी हा संपूर्ण संच गोठवून, पारखून 'स्टेबल' म्हणून जाहीर होतो. फेडोरामध्ये प्रत्येक सुधारणा आधी चाचणीच्या भांडारात ठेवण्यात येते. ज्याने ती आपल्या संगणकावर बसवून पाहिली असेल त्याने अनुकूल अथवा प्रतिकूल मत नोंदवावयाचे असते. मतांची ठरावीक बेरीज झाली तर ती सुधारणा लवकर पुढे जाते; पुरेशी मते आली नाहीत आणि कोणी विरोधही केला नाही, तर साधारणतः सात दिवसांनंतर तिला सर्वसाधारण वापरासाठी सोडता येते.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. चाचणीचे सात दिवस संपले म्हणजे चाचणी झालीच असे नव्हे. त्या सात दिवसांत कोणीतरी ती सुधारणा खरोखर वापरून पाहिली असेल तरच त्या मुदतीला अर्थ आहे. कोणीही न पाहिलेला आठवडा हा निव्वळ विलंब होय.

घाई आणि दिरंगाई : दोन्हीकडून धोका

चाचणीवाचून सुधारणा सर्वांच्या हाती दिली तर काय घडते, याचा अनुभव १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी पाठविलेल्या एका सुधारणेत दोष होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती पाठविण्यात आली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आली. अवघ्या ७८ मिनिटांच्या या अवधीत सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबईच्या विमानतळावरही त्याची झळ पोहोचली; काही विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. ही सुधारणा टप्प्याटप्प्याने न देता एकाच वेळी सर्वत्र देण्यात आली होती, ही त्यातील मुख्य उणीव. पुढे त्या कंपनीने टप्प्याटप्प्याने वितरण करण्याची पद्धत स्वीकारली.

याच्या उलट, तयार असलेली सुधारणा वेळीच न बसविल्यासही हानी होते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घातक कार्यक्रमाने युरोपपासून भारतापर्यंत धुमाकूळ घातला. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. हा कार्यक्रम ज्या उणिवांचा फायदा घेऊन पसरत होता, त्यांपैकी एका प्रमुख उणिवेवरील उपाय मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाला होता. विशेष म्हणजे त्याचा मूळ प्रवेशही युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरला पाठविलेल्या दूषित सुधारणेतून झाला होता. म्हणजे सुधारणा न घेणे धोक्याचे आणि डोळे झाकून घेणेही धोक्याचे. या दोहोंतून मार्ग काढावयाचा तर सुधारणा लवकर यावी, पण ती आधी काही जाणत्या लोकांच्या हाताखालून जावी, हाच उपाय उरतो.

असा उपाय किती मोलाचा ठरू शकतो याचे उदाहरण मार्च २०२४ मध्ये मिळाले. 'एक्सझेड' हे माहिती संकुचित करण्याचे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात असते. त्याच्या विकासात सहभागी झालेल्या एका अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील दोन आवृत्त्यांत एक चोरवाट लपविली. या आवृत्त्या डेबियन व फेडोरा यांच्या चाचणी-विभागांत पोहोचल्या होत्या. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनची 'अनस्टेबल' आवृत्ती वापरत असताना दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी चोरवाट उघडकीस आणली. डेबियनच्या 'स्टेबल' आवृत्तीपर्यंत ती पोहोचलीच नाही. फ्रॉइंड यांच्यावर हे काम कोणी सोपविलेले नव्हते. चाचणी-विभागातील आवृत्ती वापरणारा एक चौकस माणूस तेथे होता, एवढ्यावरच जगभरातील असंख्य संगणकांची सुरक्षितता टिकली.

मराठीची पारख मराठी वाचकानेच करावी

वरील उदाहरणांत दोष कोणत्याही देशातील तज्ज्ञाला दिसू शकला असता. भाषेच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील एका जोडाक्षरामुळे ॲपल कंपनीच्या दूरध्वनींवरील कार्यक्रम बंद पडू लागले. ते अक्षर पडद्यावर येताच कार्यक्रम कोलमडत असे. कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण तेलुगू मजकूर रोज वाचणारा कोणी आधीच्या चाचणीत असता तर दोष लोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक होती.

मराठीची देवनागरी हिंदीहून काही बाबतींत निराळी आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द पाहावेत. पहिल्यात रफार 'य' च्या माथ्यावर येतो, तर दुसऱ्यात 'र' हा चंद्रकोरीसारख्या आडव्या रेघेच्या रूपाने 'य' ला जोडला जातो. अक्षरवळणाच्या सुधारणेत ही आडवी रेघ नाहीशी झाली तर स्वयंपाक्याचा गुरू होतो, आणि 'डोंगरदऱ्या' तील दऱ्यांचा 'दर्या' होतो. राज्य शासनाने १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेसंबंधीचे नियम जाहीर केले असून, त्यांत पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणे मान्य करण्यात आली आहेत. तथापि अक्षरवळण तयार करणाऱ्याने हिंदीची दंडयुक्त 'ल' व गाठयुक्त 'श' ही रूपेच मूळ धरली, तर मराठी मुलाला पाठ्यपुस्तकात एक अक्षर आणि पडद्यावर दुसरे अक्षर दिसते.

काही वितरणांत यंत्रामार्फत आपोआप चाचणी घेण्याची सोय आहे. यंत्र कळा दाबते, पडद्याचे चित्र घेते आणि आधी साठविलेल्या चित्राशी ताडून पाहते. ही सोय उपयुक्त खरीच. परंतु मराठीचे अचूक चित्र कोणीतरी आधी त्याला दिलेले असावे लागते. 'आचाऱ्यास' कसे दिसावे हे यंत्राला ठाऊक नसते. ते मुलुंडच्या शाळेतील पाचवीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते.

उपनगरातील पूर्वपीठिका

या कार्याला मुंबई उपनगरांत भक्कम पूर्वपीठिका आहे. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यामध्ये १९८६-८७ च्या सुमारास झालेल्या ई-पत्रांच्या देवघेवीपासून देशातील शैक्षणिक संगणक-जाळ्याचा, 'अर्नेट' चा, आरंभ झाला. जुहूच्या याच केंद्राने पुढे 'इंडिक्स' हा प्रकल्प हाती घेतला. लिनक्सच्या पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या थरालाच भारतीय लिप्या समजाव्यात, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळी सोय करावी लागू नये, हा त्यामागील विचार होता. हे केंद्र कालांतराने सी-डॅकमध्ये विलीन झाले.

पवईच्या संस्थेत अध्यापन केलेले आणि जुहूच्या केंद्रात काम केलेले सुलेखनकार व कवी कै. र. कृ. जोशी यांचे ऋण येथे नमूद केले पाहिजे. विंडोज प्रणालीतील 'मंगल' हे सुपरिचित देवनागरी अक्षरवळण त्यांचेच. त्यांनी आरेखिलेले 'रघु' हे अक्षरवळण मात्र मुक्त परवान्याखाली देण्यात आले, त्यामुळे ते कोणालाही अभ्यासता व सुधारता येऊ लागले. पुढे २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची अक्षरवळणे मुक्तपणे उपलब्ध करून दिली. पवई येथून चालविण्यात येणाऱ्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातूनही मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणासाठी पुरस्कार करण्यात आला आहे. साधने निर्माण करणारी पिढी अशा रीतीने याच परिसरात कार्यरत होती. आता ती साधने दर आठवड्याला पारखून घेणाऱ्यांची आवश्यकता आहे.

चाचणी कशी करावी

या कामासाठी संगणकशास्त्राची पदवी असावी लागत नाही. पुढील क्रम नवशिक्या वाचकांना उपयोगी पडेल.

(१) ज्या संगणकावर कार्यालयाचे अथवा अभ्यासाचे महत्त्वाचे काम आहे त्यावर चाचणी-आवृत्ती कधीही बसवू नये. जुना संगणक वापरावा. अथवा पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू करावी. यामुळे मूळ साठ्याला धक्का लागत नाही.

(२) चाचणीपूर्वी आपल्या महत्त्वाच्या मजकुराची वेगळी प्रत करून ठेवावी.

(३) पारखण्यासाठी एक ठरावीक मराठी उतारा तयार करावा. त्यात 'आचाऱ्यास', 'ऱ्हास', 'दऱ्या', 'ॲड्रेस', 'ऑफिस', 'वाङ्मय', 'ज्ञानेश्वरी', 'क्षत्रिय' असे शब्द असावेत. दर आठवड्याला तोच उतारा वापरल्यास बदल चटकन ध्यानात येतो.

(४) तो उतारा टंकित करून पाहावा. खोडण्याची कळ दाबली असता पूर्ण अक्षर जाते की केवळ काना-मात्रा, हे पाहावे. छापून पाहावा. पीडीएफ करून त्यात एखादा शब्द शोधता येतो का, हेही पाहावे.

(५) महिन्यांची व वारांची नावे तपासावीत. मराठीत 'जानेवारी' हवी, 'जनवरी' नव्हे.

(६) नावांची यादी अकारविल्हे लावून पाहावी. मराठी वर्णमालेत 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' ही अक्षरे 'ह' नंतर येतात. आपली प्रणाली कोणता क्रम धरते आणि सुधारणेनंतर तो बदलला का, याची नोंद घ्यावी. हा मुद्दा क्षुल्लक नाही. २०१८ मध्ये 'ग्लिबसी' या मूलभूत घटकाच्या २.२८ या आवृत्तीने अनेक भाषांचा अक्षरक्रम बदलला, तेव्हा जुन्या क्रमाने रचलेल्या माहितीसाठ्यांच्या सूची नव्याने बांधाव्या लागल्या.

(७) दोष आढळल्यास त्याची नोंद वितरणाच्या दोषनोंदणी व्यवस्थेत करावी. 'मराठी नीट दिसत नाही' एवढे लिहून भागत नाही. वितरणाचे नाव व आवृत्ती, पॅकेजचे नाव व क्रमांक, आपण काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले आणि आधीच्या आवृत्तीत तसे होत होते का, या सहा गोष्टी लिहून पडद्याचे चित्र जोडावे. दोष दुरुस्त करणाऱ्या व्यक्तीस बहुधा मराठी येत नसते. म्हणून साध्या इंग्रजीत लिहावे आणि योग्य अक्षररूपाचे चित्रही सोबत द्यावे.

(८) दोष आढळला नाही तरी तसे नोंदवावे. अनुकूल मत हेही मतच होय. त्यावरूनच ही सुधारणा कोणीतरी मराठीत वापरून पाहिली आहे, हे वितरणकर्त्यांना समजते.

काही पथ्ये

उत्साहाच्या भरात काही पथ्ये विसरता कामा नयेत. शाळा, दवाखाने, पतपेढ्या आणि शासकीय कार्यालये यांनी 'स्टेबल' अथवा दीर्घ मुदतीची आवृत्तीच वापरावी. सुरक्षाविषयक सुधारणा मात्र तेथे विनाविलंब बसवाव्यात. ज्या संस्थेत अनेक संगणक आहेत तिने नवी सुधारणा प्रथम एक-दोन संगणकांवर घ्यावी, दोन दिवस नित्याचे काम करून पाहावे आणि मग ती इतरत्र द्यावी. सुधारणा नेहमी वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. नॉटपेट्या आणि एक्सझेड या दोन्ही प्रकरणांनी हे दाखवून दिले आहे की, विश्वासाचा मार्गही अधूनमधून तपासून पाहावा लागतो.

सामूहिक प्रयत्नाची गरज

एकट्याने सुरू केलेले काम चार आठवड्यांत मागे पडते. चौघांनी वाटून घेतलेले टिकते. अंधेरी, विलेपार्ले, विद्याविहार, बोरिवली या भागांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. उपनगरांत ठिकठिकाणी मराठी ग्रंथालये आहेत आणि तेथे नियमितपणे येणारे निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक व जाणकार वाचक आहेत. विद्यार्थ्याला प्रणाली बसविता येते, पण 'ङ' आणि 'ड' यांतील सूक्ष्म भेद त्याच्या नजरेतून निसटू शकतो. मुद्रितशोधकाला तो भेद लगेच दिसतो, पण दोषाची नोंद कोठे करावी हे त्याला ठाऊक नसते. या दोघांनी आठवड्यातून एक तास एका टेबलाशी बसावे, एवढ्याने पुष्कळ काम होण्याजोगे आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. जुना संगणक, इंटरनेट जोडणी आणि नियमितपणा एवढे पुरेसे आहे.

मराठी ही ज्ञानभाषा व्हावी अशी इच्छा आपण वारंवार व्यक्त करतो. शाळकरी मुलाचा निबंध, शेतकऱ्याचा अर्ज आणि न्यायालयाचा निकाल हे सारे यापुढे पडद्यावरच लिहिले आणि वाचले जाणार आहे. तेथे प्रत्येक अक्षर अचूक उमटावे याची जबाबदारी परदेशातील एखाद्या अभियंत्यावर टाकून भागणार नाही. ज्याला ते अक्षर वाचता येते त्यानेच ते तपासले पाहिजे. सुधारणेची प्रत्येक नवी आवृत्ती त्यासाठी काही दिवसांची मुदत देते. त्या मुदतीत मराठी वाचकाने आपले मत नोंदविले नाही, तर सुधारणा त्याच्यावाचून पुढे जाते आणि तिच्यातील दोष पुढे हजारो मराठी पडद्यांवर दिसत राहतो.